महिन्याचे युद्ध, पाच वर्षांची आणीबाणी

६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय फौजांनी पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली आणि लाहोरच्या दिशेने मुसंडी मारली. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी पुस्तकाच्या हस्तलिखिताबद्दल निकाल दिला. पुस्तकाचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. लेखक प्रभाकर संझगिरी, मुक्काम मुंबईचा तुरुंग. हे हस्तलिखित तुरुंगाबाहेर जाता कामा नये, असे महाराष्ट्र सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले, जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, याच न्यायालयाने राममनोहर लोहिया यांची स्थानबद्धता बेकायदा ठरवून त्यांना मोकळे केले. लोहिया त्या काळातले सरकारचे बहुधा सर्वांत कडवे टीकाकार. सीमेवर रणगाडे धडाडत असताना देशाच्या राजधानीत असे निकाल लागत होते, आणि त्यामुळे युद्ध हरल्याचे कोणी म्हटले नाही.

हे दोघे ज्या भारत संरक्षण कायद्याखाली तुरुंगात गेले, तो मात्र पाकिस्तानशी झालेल्या युद्धासाठी केलेलाच नव्हता. तो तीन वर्षांपूर्वीच्या चिनी आक्रमणासाठी केलेला होता. ते युद्ध महिनाभरात थांबले होते. कायदा थांबला नव्हता.

युद्ध चालू असताना सरकारविरुद्ध बोलावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा देशभक्तीच्या भाषेत विचारला जातो आणि मग त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. १९६२ ते १९६८ या काळाकडे नीट पाहिले, तर तो प्रश्न वेगळा मांडावा लागतो. युद्धात देशाला काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हे खरे. सरकारला मात्र त्याच वेळी आपल्यावरची टीका थांबलेली हवी असते. या दोन गरजा एकाच कायद्याच्या पांघरुणाखाली येतात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते. लोकशाहीचे युद्धकाळातले खरे काम त्या वेगळ्या करून दाखवण्याचे असते.

कायद्याची वंशावळ

भारत संरक्षण कायदा हे नाव पहिल्यांदा १९१५ साली आले. पहिले महायुद्ध चालू होते, आणि बंगाल व पंजाबातल्या क्रांतिकारकांना खटला न चालवता अडकवता यावे, अशी ब्रिटिश सरकारची गरज होती. युद्ध संपल्यावर हे अधिकार हातचे जाऊ नयेत म्हणून १९१९ मध्ये रौलट कायदा आला. त्याचे पुढे काय झाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये त्याच नावाचा नवा कायदा झाला आणि त्याखाली भारत संरक्षण नियम निघाले.

या नियमांशी झालेला सर्वांत मोठा सामना थेट भाषणस्वातंत्र्याचाच होता, हे आता फारसे आठवले जात नाही. १९४० साली गांधीजींनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे एकच मागणी केली. युद्धाविरुद्ध अहिंसक मार्गाने उघडपणे बोलण्याची मोकळीक द्या, एवढीच. ती नाकारली गेली. मग वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी विनोबा भावे यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले आणि ते पहिले सत्याग्रही ठरले. चार दिवसांत त्यांना अटक झाली. दुसरे सत्याग्रही म्हणून जवाहरलाल नेहरूंची निवड झाली होती, पण त्यांची पाळी येण्याआधीच सरकारने त्यांना पकडले. गोरखपूरला खटला चालला. आरोप होता आधी केलेल्या भाषणांचा, आणि शिक्षा झाली ४ वर्षांची. पुढच्या काही महिन्यांत २० हजारांहून अधिक लोक अशा भाषणांसाठी आणि घोषणांसाठी तुरुंगात गेले.

त्याच वर्षी, मे महिन्यात, खुद्द लंडनमध्ये काय घडले होते? नॉर्वेत ब्रिटिश सैन्याची फजिती झाली होती, हिटलर दाराशी येऊन ठेपला होता, आणि तरीही ७ व ८ मे १९४० रोजी ब्रिटिश संसदेत पंतप्रधान चेंबरलेन यांच्यावर उघड टीकेचा वर्षाव झाला. त्यांच्या स्वपक्षीयांनीही त्यात हात धुऊन घेतले. मतदान २८१ विरुद्ध २०० झाले. सरकार जिंकले, पण दोनशेच्या वर असलेले मताधिक्य ८१ वर आले, आणि दोन दिवसांत चेंबरलेन यांनी जागा सोडली. चर्चिल पंतप्रधान झाले ते या भर युद्धातल्या विरोधामुळे. एकाच साम्राज्यात एकाच वर्षी वेस्टमिन्स्टरमधली टीका युद्ध जिंकण्याचे साधन ठरली आणि पवनारमधली टीका गुन्हा. फरक युद्धाच्या तीव्रतेत नव्हता. एका जागी बोलणारे नागरिक होते, दुसऱ्या जागी प्रजा.

न्यायालयांनीही या नियमांना एक धक्का दिला. मुंबईतल्या केशव तळपदे यांच्या खटल्यात एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा २६ क्रमांकाचा नियमच कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला. कायद्याने जेवढे अधिकार दिले होते, त्याहून अधिक नियमाने घेतले होते. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून कायद्यात दुरुस्ती केली आणि फट बुजवली. न्यायालयाने फट दाखवायची आणि सरकारने पुढच्या मसुद्यात ती लिंपायची, हा क्रम इथून सुरू झाला. तो लक्षात ठेवायला हवा, कारण १९७५ मध्ये त्याचीच फळे मिळाली.

संविधान लिहिताना ही सगळी आठवण ताजी होती. तरीही आणीबाणीच्या तरतुदी त्यात आल्या. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद करता येईल, अशी तरतूद ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेपुढे आली, तेव्हा हरि विष्णू कामत यांनी तिला कडाडून विरोध केला आणि ती मंजूर झाल्यावर जाहीर दुःख व्यक्त केले. तीच आजचे अनुच्छेद ३५९. त्याच्या शेजारच्या अनुच्छेद ३५८ नुसार तर आणीबाणी जाहीर होताच भाषण, सभा, संघटना यांचे अनुच्छेद १९ मधले संरक्षण आपोआप गोठत असे.

जे आधी ऐकायला हवे होते

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. २६ ऑक्टोबरला देशातली पहिली राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली, आणि त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. जुन्या २६व्या नियमाचा नवा अवतार आता नियम ३० म्हणून उभा होता. तो अंमलात आणणाऱ्या सरकारचे प्रमुख होते नेहरू, ज्यांनी त्याच नावाच्या नियमांखाली स्वतः तुरुंग भोगला होता.

पण १९६२ ची गोष्ट फक्त दडपशाहीची नाही. तिची दुसरी बाजू समजून घ्यायला चार वर्षे मागे जावे लागते.

अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याचे सरकारला कळले होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये भारताने चीनकडे निषेधाचा खलिताही धाडला होता. संसदेला मात्र ही गोष्ट सांगितली गेली ऑगस्ट १९५९ मध्ये. चीनला ठाऊक, आपल्या सरकारला ठाऊक, अंधारात फक्त भारतीय जनता. अशी गुप्तता शत्रूपासून काहीच लपवत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद झाल्याने राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि नंतर संसदेत थिमय्यांनाच चार शब्द सुनावले. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत मेनन यांच्यावर जोरदार हल्ला चढवला. लष्करात गटबाजी माजली आहे, सैन्याचे मनोधैर्य खचते आहे, असा त्यांचा आरोप होता.

या वादाचा निवाडा मुंबईत झाला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून मेनन उभे राहिले आणि त्यांच्याविरुद्ध कृपलानी. साऱ्या देशाचे लक्ष लागलेल्या या लढतीत मेनन मोठ्या फरकाने निवडून आले. टीकाकाराचा पराभव झाला म्हणून टीका खोटी ठरत नाही, हे कळायला आठ महिने लागले.

युद्ध सुरू झाल्यावर जनसंघाचे तरुण राज्यसभा सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी नेहरूंची भेट घेऊन संसदेचे अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली. जवान सीमेवर लढत असताना संसदेत पोस्टमॉर्टेम कशाला, असे म्हणून ती उडवून लावता आली असती. नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबर १९६२ रोजी संसद भरली. चर्चा बंद दाराआड व्हावी, अशी सूचना लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी केली होती. नेहरूंनी तीही नाकारली. हा विषय सगळ्या देशाचा आहे, तेव्हा चर्चा उघडच झाली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १४ नोव्हेंबरपर्यंत लोकसभेत १६५ सदस्य बोलले. वाजपेयींनी राज्यसभेत सरकारच्या धोरणावर कठोर टीका केली. अधिवेशन भरायच्या आदल्या दिवशीच मेनन यांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले होते, आणि त्यासाठी खुद्द काँग्रेसच्या खासदारांनी नेहरूंवर दबाव आणला होता. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्राच्या तोंडी बसले. पण सह्याद्रीला बोलावणे आले ते खासदारांत आणि वृत्तपत्रांत उठलेल्या ओरडीमुळे, हा त्या वाक्यातला न बोललेला भाग.

चर्चेने रणांगण वाचवले असा दावा मात्र करता येणार नाही. चर्चा संपली १४ नोव्हेंबरला. १८ तारखेपर्यंत सेला खिंड हातची गेली, पाठोपाठ बोमडिला पडले, आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. ज्या टीकेने काही सावरले असते, ती १९५९, १९६०, १९६१ मध्ये ऐकायला हवी होती. युद्धकाळातल्या विरोधाबद्दल बोलताना आपण तोफा सुरू झाल्यानंतरचा विचार करतो. प्रत्यक्षात त्याचे मोल शांततेत ठरून गेलेले असते. शांततेत जी माहिती दडवली गेली आणि ज्या इशाऱ्यांची टर उडवली गेली, त्यांची किंमत सैनिक मोजतात.

चीनसाठी केलेला कायदा कोणाकोणावर चालला

संसदेचे दार उघडे होते त्याच आठवड्यांत दुसरी दारे बंद होत होती. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ आणि २२ साठी न्यायालयात जाण्याचा मार्ग थांबवला गेला. ११ नोव्हेंबरला त्यात समानतेचा हक्क, अनुच्छेद १४, जोडला गेला. नोव्हेंबरातच देशभर शेकडो कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड झाली. सरकारची शंका अगदीच हवेतली नव्हती. चीनला आक्रमक म्हणायचे की नाही, यावर पक्षात खरोखरच दुफळी होती. पण १ नोव्हेंबरला पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध करणारा ठराव केला होता. कोणी शत्रूला मदत केली आणि कोणी केवळ वेगळे मत बाळगले, याची छाननी न्यायालयात होणे आवश्यक होते, आणि स्थानबद्धतेचा कायदा नेमकी तीच टाळतो. आसाम, बंगाल अशा भागांतल्या चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना तर राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले गेले. त्यांतले कित्येक भारतात जन्मलेले होते. त्यांनी तर काही बोललेसुद्धा नव्हते.

युद्धबंदी झाली, महिने उलटले, वर्षे उलटली. आणीबाणी तशीच राहिली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले तेही भारत संरक्षण नियमांतच एक प्रकरण घालून. १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि पेठापेठांतल्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. डिसेंबर १९६४ च्या अखेरीस नव्याने स्थापन झालेल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी पुन्हा याच नियमांखाली पकडले गेले. मार्च १९६५ मध्ये केरळमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा हाच पक्ष ४० जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला, आणि त्याचे निवडून आलेले कितीतरी आमदार तुरुंगात होते. ती विधानसभा एकदाही भरली नाही.

सर्वांत बोलका खटला केरळमधल्याच एका रॉकेलच्या घाऊक व्यापाऱ्याचा आहे. त्यालाही देशाच्या संरक्षणासाठी केलेल्या याच नियमांखाली स्थानबद्ध केले होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हा आदेश दुष्ट हेतूने दिलेला आहे, असे सांगून त्याला सोडले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. इतके अफाट अधिकार वर्षानुवर्षे वापरत राहिले की अधिकाऱ्यांची सदसद्विवेकबुद्धी बोथट होऊ लागते, असा इशारा त्यांनी त्यात दिला. हिमालयातल्या शत्रूसाठी उपसलेली तलवार रॉकेलच्या पिंपापर्यंत कशी येऊन पोहोचते, त्याचे याहून नेमके निदान सापडणार नाही. यामागे कोणाचा कट लागत नाही. हाताशी सोपा अधिकार असला की अवघड रस्ता कोण घेतो?

‘कोणत्या नियमाखाली?’

न्यायालयाने या काळात सरकारला आव्हान दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सप्टेंबर १९६३ मध्ये माखनसिंग तारसिक्का यांच्या खटल्यात सात न्यायमूर्तींपैकी सहा जणांनी, मूलभूत हक्कांचा भंग झाला या कारणासाठी आणीबाणीत स्थानबद्धतेला आव्हान देता येणार नाही, असा निर्णय दिला. तोही गजेंद्रगडकरांनीच लिहिलेला. एकटे न्यायमूर्ती सुब्बा राव वेगळ्या मताचे होते. पण बहुमताने एक दार किलकिले ठेवले. आदेश कायद्याबरहुकूम नसेल किंवा त्यामागे दुष्ट हेतू असेल, तर स्थानबद्ध माणूस तेवढे विचारू शकतो. मुळात राष्ट्रपतींच्या आदेशातच एक अट होती. न्यायालयाचा मार्ग बंद होणार होता तो भारत संरक्षण कायद्याखाली किंवा नियमांखाली हक्क हिरावला गेला असेल तरच.

संझगिरींचे प्रकरण या अटीवर उभे राहिले. मुंबईतले हे कम्युनिस्ट कार्यकर्ते, पुढे महाराष्ट्रातल्या मार्क्सवादी पक्षाचे नेते म्हणून ओळखले गेले. नियम ३० खाली त्यांना मुंबईच्या तुरुंगात ठेवले होते. तिथे त्यांनी सामान्य वाचकासाठी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छापायला बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. सहा महिन्यांनी, २७ मार्च १९६५ च्या पत्राने, राज्य सरकारने नकार कळवला. आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांनीही नाही म्हटले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. हे निव्वळ विज्ञानाचे पुस्तक आहे आणि त्याने देशाच्या संरक्षणाला धक्का लागणे शक्य नाही, अशी त्यांची खात्री पटली. स्थानबद्धांना कसे ठेवायचे याचा १९५१ चा मुंबई राज्याचा आदेश होता. पुस्तक लिहू नये किंवा बाहेर पाठवू नये, असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. सरकार गप्प बसले नाही. अणूवरच्या एका मराठी पुस्तकासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तिथे सरकारने मांडलेला युक्तिवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माणूस स्थानबद्ध झाला की त्याचे सगळे स्वातंत्र्य संपते, उरतात त्या फक्त नियमांनी दिलेल्या सवलती. पुस्तक पाठवण्याची सवलत नियमांत नाही, सबब ती नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हा तर्क त्याच्या टोकापर्यंत नेऊन पाहिला. असे मानले, तर नियमांत जेवणाचा उल्लेख नसेल तेव्हा स्थानबद्धाला उपाशी मारायलाही हरकत नाही, असा त्याचा अर्थ होईल. खरा क्रम उलटा आहे. माणसाचे स्वातंत्र्य आधीचे. नियमांनी जेवढे काढून घेतले तेवढेच गेले, बाकीचे त्याच्यापाशीच राहिले. पुस्तक अडवण्याला कोणत्याच नियमाचा आधार नव्हता, म्हणून राष्ट्रपतींच्या आदेशाची ढालही सरकारच्या कामी येऊ शकली नाही.

लोहियांचा खटलाही असाच काटेकोर वाचनाचा. ऑगस्ट १९६५ मध्ये बिहार बंदच्या वेळी पाटण्यात त्यांना पकडले होते. ते तेव्हा लोकसभेचे सदस्य होते. आपली बाजू त्यांनी स्वतःच मांडली. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण होते, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात लिहिले होते ‘कायदा व सुव्यवस्था’. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पून पाहायला सांगितले. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आतले, सर्वांत लहान, राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळातल्या प्रत्येक गडबडीला आतल्या वर्तुळातले हत्यार उचलता येत नाही. बंद, मोर्चा, कडक भाषण यांनी पोलिसांचा ताप वाढतो. तेवढ्याने राष्ट्र धोक्यात येत नाही. युद्धाच्या दिवसांत नेमका हाच फरक पुसट होतो.

या निकालांत स्वातंत्र्याच्या गौरवाचे मोठे भाषण शोधायला गेलात, तर फारसे हाती लागणार नाही. न्यायालये एकच कोरडा प्रश्न विचारत होती, हे तुम्ही कोणत्या नियमाखाली केले? सरकारला कारण लिहून द्यावे लागते आणि ते कोणीतरी वाचून पाहते, एवढ्याने पुष्कळ मनमानीला आळा बसतो.

बुजवलेली फट

१९६२ ची आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. महिन्याचे युद्ध, पाच वर्षांहून अधिक काळ आणीबाणी. त्यानंतर जेमतेम चार वर्षांनी, ३ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धासाठी दुसरी जाहीर झाली. ते युद्ध चौदा दिवसांत जिंकून झाले, आणीबाणी तशीच चालू राहिली. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या नावाने तिसरी आली, तेव्हा ती या दुसऱ्या आणीबाणीच्या वर चढली. २७ जून १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश पाहिला, तर १९६२ च्या आदेशातली ती अट गायब झालेली दिसते. हक्क कोणत्या कायद्याखाली हिरावला, हे विचारण्याची सोय उरली नव्हती. तळपदे खटल्यानंतर फट बुजली होती, तशीच संझगिरी खटल्याचीही बुजली.

परिणाम २८ एप्रिल १९७६ रोजी समोर आला. जबलपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने, स्थानबद्ध माणूस न्यायालयाचे दार ठोठावूच शकत नाही, असे मान्य केले. सुब्बा रावांनी हास्यास्पद ठरवलेला तर्क अकरा वर्षांनी देशाचा कायदा झाला. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते, विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला, आणि तो मोडीत काढणारे प्रमुख निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

आणीबाणीनंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पुष्कळ गोष्टी सावरल्या. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ आता आणीबाणीतही थांबवता येत नाही. आणीबाणीला महिन्याच्या आत संसदेने विशेष बहुमताने मान्यता द्यावी लागते, आणि दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागितले, तर ती उठवण्याच्या ठरावासाठी खास बैठक बोलवावी लागते. १९६२ सारखी आणीबाणी न विचारता पाच वर्षे लांबवणे आता शक्य नाही. भाषणस्वातंत्र्याचे मात्र तसे झालेले नाही. युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी जाहीर झाली, तर अनुच्छेद १९ चे संरक्षण आजही आपोआप गोठते. एवढेच, की निर्बंध घालणाऱ्या कायद्यात तो आणीबाणीशी संबंधित असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो.

दोन अहवाल

१९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले, तेव्हा राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली नाही, आणि तरीही युद्ध लढता आले. पंतप्रधान होते तेच वाजपेयी. लोकसभा विसर्जित झालेली असल्याने विरोधकांनी राज्यसभेचे खास अधिवेशन मागितले. ते बोलावले गेले नाही. १९६२ साली विरोधी बाकावरून जी मागणी देशहिताची वाटली होती, ती सत्तेच्या खुर्चीवरून गैरसोयीची वाटली. यात एका माणसाला दोष देण्यासारखे काही नाही. खुर्ची बदलली की दृष्टी बदलते, म्हणूनच बोलण्याचा हक्क खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडायचा नसतो.

कारगिलनंतर मात्र एक गोष्ट नीट झाली. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिचा अहवाल काही भाग गाळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. गाळलेला भाग गुप्त राहिला, उरलेल्यावर उघड वाद झाले. १९६२ च्या पराभवाची चौकशी जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती. त्यांचा अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. त्या वर्षी सप्टेंबरात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी संसदेत त्याचा गोषवारा सांगितला. मूळ अहवाल अधिकृतपणे आजवर खुला झालेला नाही. नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग स्वतःहून प्रसिद्ध केला, तरीही नाही. साठ वर्षांपूर्वीच्या चौक्या, बंदुका आणि रस्ते यांची माहिती आज कोणत्या शत्रूच्या उपयोगाची? ती लपवून फक्त चुकीच्या निर्णयांची नावे लपतात.

पुढच्या युद्धात वाचकापुढे असा एखादा निर्बंध येईल, तेव्हा तो योग्य की अयोग्य हे ठरवायला फार मोठ्या सिद्धांताची गरज नाही. या माहितीमुळे शत्रूला जे ठाऊक नाही ते कळणार आहे का? निर्बंधाचे कारण आणि मुदत लिहून दिलेली आहे का? ते कारण सरकारबाहेरच्या कोणाला तपासता येते का? तुकड्या कुठे हलणार, हल्ला केव्हा होणार, हे छापू नका म्हणणाऱ्या सरकारला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सहज देता येतात. संरक्षणमंत्र्यावर टीका करू नका म्हणणाऱ्या सरकारला पहिल्याच प्रश्नाला अडखळावे लागते. जे सरकार अडखळते, त्याला युद्ध चालू असतानाच प्रश्न विचारायचे असतात. ब्रिटनने ते १९४० मध्ये विचारले. आपण ते १९५९ ते १९६१ या काळात विचारले, ऐकले मात्र नाहीत. सेला आणि बोमडिला इथे उभ्या केलेल्या जवानांना त्याची किंमत मोजावी लागली.